वार्धक्य आणि शहाणपण : बायबलमधील ज्ञानसाहित्य व कथनसाहित्य यांच्या आधारे एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

वय आणि शहाणपण यांच्या संबंधाविषयी मराठी भाषेने दोन परस्परविरुद्ध गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. अनुभवी माणूस आपले केस उन्हात पांढरे झालेले नाहीत असे बजावतो आणि ऐकणारा गप्प बसतो. त्याच वेळी साठी आली की बुद्धी नाठी होते, असेही तीच भाषा सांगते. पहिली म्हण वयाला अधिकार देते, तर दुसरी तो अधिकार काढून घेते. दोन्ही म्हणी सोयीप्रमाणे वापरल्या जातात. परंतु यांपैकी कोणती खरी, हा प्रश्न सहसा गांभीर्याने विचारला जात नाही.

बायबलमध्ये मात्र हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला आहे. बायबल हा एका लेखकाचा ग्रंथ नसून अनेक शतकांत सिद्ध झालेला ग्रंथसंग्रह आहे. साहजिकच त्यात या प्रश्नाचे एकच एक उत्तर सापडत नाही. वृद्धांपुढे उठून उभे राहण्याची आज्ञा त्यात आहे, तसेच वृद्ध न्यायाधीशांना खोटे ठरविणाऱ्या कोवळ्या तरुणाची कथाही आहे. पिकल्या केसांना मुकुटाची उपमा देणारे सुभाषित त्यात आहे, आणि म्हातारपणीच वाट चुकलेल्या राजाचा वृत्तांतही आहे. धर्मोपदेशात यांपैकी एखादे वचन सुटे उचलून सोयीचा अर्थ काढला जातो. वचने व कथा एकत्र ठेवून वाचल्यास मात्र त्यांतून एक सुसंगत विचार हाती येतो. तो विचार स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. वयालाच शहाणपणाचे प्रमाण मानले तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याची नोंद बायबलमधील कथांनीच करून ठेवली आहे. ईयोबाच्या बाबतीत ती किंमत एका दुःखी माणसाने मोजली. सुसान्नेच्या बाबतीत एका निरपराध स्त्रीच्या प्राणावरच बेतले होते.

उद्दिष्टे :

१. बायबलमधील वय व शहाणपण यांसंबंधीच्या प्रमुख संज्ञांचा अर्थ पाहणे.
२. वृद्धांचा मान आणि वृद्धांचे मत यांत बायबल कोणता भेद करते, हे तपासणे.
३. ईयोब, राजे, शमुवेल व सुसान्ना यांच्या कथनांतून शहाणपणाचा कोणता निकष पुढे येतो, याची चिकित्सा करणे.

गृहीतक :

बायबलच्या दृष्टीने वृद्धांचा मान वयावर अवलंबून असतो, परंतु शहाणपण वयावर अवलंबून नसते. ते ऐकण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते, आणि ही क्षमता वाढत्या वयात वाढू शकते तशी नष्टही होऊ शकते.

अभ्यासाची व्याप्ती व पद्धती :

या निबंधात जुना करार, नवा करार आणि कॅथलिक परंपरेने प्रमाण मानलेले अतिरिक्त ग्रंथ यांचा विचार केला आहे. सुसान्नेची कथा, बेन सिराचा ग्रंथ आणि ‘शलमोनाचे ज्ञान’ हा ग्रंथ प्रॉटेस्टंट बायबलच्या प्रमाण संहितेत येत नाहीत. तथापि यहुदी व ख्रिस्ती विचाराचा प्रवाह समजून घेण्यासाठी ते आवश्यक आहेत. वचने जशीच्या तशी न देता त्यांचा आशय दिला असून अध्याय व ओवी यांचे क्रमांक कंसात नोंदविले आहेत. पद्धती पाठनिष्ठ व तौलनिक स्वरूपाची आहे.

संज्ञाविचार :

हिब्रू भाषेत शहाणपणासाठी ‘होखमा’ हा शब्द येतो. मराठी बायबलमध्ये त्यासाठी अनेक ठिकाणी ‘ज्ञान’ हा शब्द योजलेला आहे. मात्र मराठी वाचकाच्या मनात ‘ज्ञान’ म्हटले की एकतर माहिती उभी राहते किंवा ब्रह्मज्ञान. ‘होखमा’ या दोहोंहून वेगळी आहे. निवासमंडपाचे काम करणाऱ्या बसालेल या कारागिराच्या ठायी असलेले कसबही ‘होखमा’ या शब्दानेच सांगितले आहे (निर्गम ३१:३), आणि वादळात हरपलेले खलाशांचे कौशल्यही त्याच शब्दाने (स्तोत्रसंहिता १०७:२७). म्हणजे ‘होखमा’ हे जगण्यातील कसब होय. कसब सरावाने येते, म्हणून वयाशी त्याचा काही संबंध असणे स्वाभाविक आहे. परंतु नुसते वर्षानुवर्षे दुकानात बसल्याने कोणी सुतार होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

वृद्धासाठी ‘झाकेन’ हा शब्द येतो. दाढी या अर्थाच्या ‘झाकान’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. हाच शब्द गावच्या किंवा वंशाच्या कारभारी मंडळींसाठीही वापरला जातो. वय आणि अधिकार हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. नव्या करारातील ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ या शब्दाचेही तसेच आहे. तो अधिक वयाच्या माणसाला लागू होतो आणि मंडळीतील पदाधिकाऱ्यालाही. मराठी बायबलमध्ये या अर्थी ‘वडील’ किंवा ‘वडील जन’ असे शब्द येतात. मराठीत ‘वडील’ म्हणजे जन्मदाता पिता, वयाने मोठा माणूस आणि मान द्यावयाची व्यक्ती. त्यामुळे मूळ शब्दातील संदिग्धता मराठीत कमी न होता वाढतेच. ‘वडिलांचे ऐकावे’ या साध्या वाक्यात नाते, वय आणि पद यांपैकी कशाच्या बळावर ऐकावयाचे, हे कळत नाही. प्रस्तुत विषयातील बराचसा गोंधळ या एका शब्दात साठलेला आहे.

परंपरेची बाजू – पिकल्या केसांचा मान :

वृद्धांच्या मानाविषयी बायबलची भूमिका निःसंदिग्ध आहे. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहावे आणि वृद्धाचा आदर करावा, अशी आज्ञा नियमशास्त्रात आहे (लेवीय १९:३२). ही आज्ञा देवाचे भय बाळगण्याच्या आज्ञेला जोडून आलेली आहे, हे लक्षणीय आहे. त्याच प्रकरणात पुढे परदेशी माणसावर जुलूम न करण्याची आज्ञा येते (१९:३३-३४). म्हणजे वृद्धाचा मान हा येथे त्याच्या शहाणपणाचे पारितोषिक म्हणून आलेला नाही. दुर्बळाच्या संरक्षणाशेजारी तो ठेवलेला आहे. वृद्ध शहाणा असेल तरच उठावे, अशी अट तेथे नाही. यशयाच्या ग्रंथात तर पोरासोरांच्या हाती राज्य जाणे आणि तरुणांनी वृद्धांशी उद्धटपणे वागणे हे समाज कोसळल्याचे लक्षण मानले आहे (यशया ३:४-५).

ज्ञानसाहित्याचा साचाही या परंपरेला अनुकूल आहे. ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील पहिले नऊ अध्याय मुख्यतः पित्याने पुत्राला केलेल्या उपदेशाच्या रूपात आहेत. चौथ्या अध्यायातील पिता आपणही आपल्या पित्याकडून शिकलो असे सांगतो (४:३-४). हा साचा केवळ इस्राएलाचा नाही. प्राचीन इजिप्तमधील ‘प्ताहहोतेपचा उपदेश’ हा ग्रंथही एका वृद्ध मंत्र्याने पुत्राला केलेल्या बोधाच्या रूपात आहे, आणि त्याचा आरंभ म्हातारपणाने शरीराची जी दैना होते तिच्या वर्णनाने होतो. इ. स. पूर्व १८० च्या सुमारास यरुशलेमेत लिहिणाऱ्या बेन सिरानेही वृद्धांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करू नये असे बजावले आहे. त्याने दिलेले कारण महत्त्वाचे आहे. वृद्धही आपल्या पूर्वजांकडून शिकलेले असतात, असे तो म्हणतो (८:९). त्यांचे मोल त्यांच्या शिकलेपणात आहे. म्हणूनच तारुण्यात काही साठविले नसेल तर म्हातारपणी ते कोठून मिळणार, असा प्रश्नही तोच करतो (२५:३).

पिकल्या केसांना मुकुट म्हणणारे सुप्रसिद्ध नीतिसूत्रही (१६:३१) या दृष्टीने वाचावयास हवे. त्याचा उत्तरार्ध हा मुकुट नीतिमत्तेच्या मार्गात मिळतो असे सांगतो. काही भाषांतरांनी तेथे ‘जर’ घालून ते वचन सशर्त केले आहे. मूळ हिब्रूत ‘जर’ नाही. परंतु मुकुट कोठे मिळतो हे सांगितल्यानंतर तो कोठे मिळत नाही, हे निराळे सांगण्याची गरज राहत नाही.

ईयोब – मित्रांचे वय आणि एका माणसाचे दुःख :

वय हेच प्रमाण मानणाऱ्या भूमिकेची सर्वांत कठोर परीक्षा ईयोबाच्या ग्रंथात होते. संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन मित्र येतात. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ एक शब्दही न बोलता बसतात (२:१३). पुढे त्यांनी जे सांगितले ते पाहता, हे सात दिवसच त्यांच्या मैत्रीचा सर्वोत्तम काळ होता असे म्हणावे लागते. ईयोबाचेही मत याहून निराळे नाही. ते गप्प राहिले असते तर तेच त्यांचे शहाणपण ठरले असते, असे तो त्यांना तोंडावर सांगतो (१३:५).

मित्रांच्या युक्तिवादाची मांडणी पाहण्यासारखी आहे. अलीफज आपल्या पाहण्यातल्या गोष्टींचा दाखला देतो (४:८). बिल्दद मागील पिढ्यांना विचारण्यास सांगतो, कारण आपण कालचे आहोत व आपल्याला काही कळत नाही (८:८-९). अलीफज पुढे उघडच सांगतो की पिकल्या केसांचे, ईयोबाच्या बापाहूनही वडील असे लोक आपल्या बाजूला आहेत (१५:१०). यांपैकी कोणतीही गोष्ट स्वतःत चूक नाही. अनुभव खरा आहे आणि परंपराही खरी आहे. चूक निराळ्या ठिकाणी आहे. दुःख हे पापाचे फळ असते हा निष्कर्ष त्यांनी समोरच्या माणसाकडे पाहण्यापूर्वीच काढून ठेवलेला आहे. त्यामुळे ईयोबाचे म्हणणे ऐकण्याचे त्यांना प्रयोजनच उरत नाही. त्याचे प्रत्येक उत्तर त्यांना त्याच्या अपराधाचा नवा पुरावा वाटते. जुन्या अनुभवाने नवा अनुभव दिसेनासा होणे, हा वयाबरोबर येणारा धोका या संवादात स्पष्टपणे रेखाटला गेला आहे.

या संदर्भात बाराव्या अध्यायातील बारावी ओवी अभ्यासकांच्या दीर्घ चर्चेचा विषय ठरली आहे. वृद्धांच्या ठायी शहाणपण आणि दीर्घायुष्यात समज असते, असा तिचा शब्दशः आशय आहे. तथापि हे ईयोबाचे मत आहे, की त्याने मित्रांचे मत उपरोधाने उच्चारले आहे, की तो प्रश्न आहे? हिब्रू पाठात प्रश्नदर्शक अव्यय नाही, त्यामुळे तिन्ही वाचने शक्य आहेत. मात्र संदर्भ उपरोधाच्या किंवा प्रश्नाच्या बाजूने झुकतो. लगेच पुढच्या ओवीत शहाणपण व सामर्थ्य देवाजवळ असल्याचे ईयोब सांगतो, आणि पुढे देव वडील जनांची विवेकबुद्धी हिरावून घेतो असेही म्हणतो (१२:२०). ही ओवी संदर्भापासून तोडून वृद्धांच्या गौरवासाठी वापरणे म्हणजे ईयोबाच्या तोंडी त्याच्या मित्रांचे मत घालणे होय.

अलीहू – तारुण्याचा दावा :

वृद्ध हरले म्हणून तरुण जिंकले, असा सोपा निष्कर्ष हा ग्रंथ काढू देत नाही. बत्तिसाव्या अध्यायात अलीहू हा तरुण पुढे येतो. आपण वयाने लहान म्हणून आजवर भीत होतो, दिवसांनी बोलावे व वर्षांनी शहाणपण शिकवावे असे वाटत होते, असे तो प्रारंभी सांगतो. परंतु समज वयाने येत नाही, मनुष्यातील आत्मा व सर्वसमर्थाचा श्वास ती देतो, असा त्याचा दावा आहे (३२:६-९). वयाच्या मक्तेदारीवर बायबलमध्ये आलेला हा सर्वांत थेट आक्षेप होय.

परंतु आक्षेप बरोबर असला तरी आक्षेप घेणारा शहाणा असतोच असे नाही. अलीहूच्या प्रवेशाच्या पाच ओव्यांत कथनकार त्याच्या रागाचा चार वेळा उल्लेख करतो (३२:१-५). तो सहा अध्याय बोलतो. दुःख माणसाला शिकविण्यासाठी येते, या मुद्द्यावर त्याने मित्रांपेक्षा अधिक भर दिला आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही ईयोबाचाच दोष गृहीत धरून तो बोलतो, आणि या बाबतीत तो ज्यांच्यावर रागावला आहे त्यांच्याच पंक्तीत जाऊन बसतो. अलीहूची भाषणे मूळ ग्रंथात मागाहून घातली गेली असावीत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. शेवटी देव तीन मित्रांना दोष देतो (४२:७), अलीहूचे मात्र नावही घेत नाही. हे मौन म्हणजे संमती की उपेक्षा, याविषयी मतभेद आहेत. एवढे मात्र निश्चित की ग्रंथाने त्याला विजयी घोषित केलेले नाही.

या दोन्ही पक्षांच्या मध्ये अठ्ठाविसावा अध्याय उभा आहे. माणूस खाणी खणून सोने व रत्ने शोधतो, परंतु शहाणपणाचे स्थान त्याला सापडत नाही, त्याची वाट देवालाच ठाऊक आहे, असा या काव्याचा आशय आहे. ग्रंथाच्या अखेरीस ईयोब आपल्याला न कळणाऱ्या गोष्टींविषयी आपण बोललो अशी कबुली देतो (४२:३). आणि बरोबर बोलल्याची साक्ष देव देतो ती याच ईयोबाविषयी. आपल्या आकलनाची मर्यादा ओळखणारा तेवढा शहाणा ठरतो. त्यानंतर ईयोब एकशे चाळीस वर्षे जगला (४२:१६). कथेचा हा क्रम अर्थपूर्ण आहे. त्याच्या बाबतीत दीर्घायुष्य शहाणपणाच्या आधी आलेले नाही, ते मागाहून आले आहे.

राजसभा – शलमोन ते रहबाम :

राज्यकारभाराच्या कथांत हाच विचार वेगळ्या रीतीने येतो. राज्यावर आलेला शलमोन आपण लहान मूल आहोत, कसे वागावे हे आपल्याला कळत नाही, असे म्हणतो आणि बरे-वाईट ओळखण्यासाठी देवाकडे एक गोष्ट मागतो (१ राजे ३:७-९). त्या मागणीसाठी हिब्रूत ‘लेव शोमेआ’ असे शब्द आहेत. त्यांचा शब्दशः अर्थ ऐकणारे हृदय असा होतो. बायबलमधील शहाणपणाची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे. याच शलमोनाचे मन म्हातारपणी इतर दैवतांकडे वळले, असे पुढे सांगितले आहे (११:४). कथनकाराने म्हातारपणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. वय वाढले आणि ऐकणे संपले. उपदेशकाच्या ग्रंथात वृद्ध पण मूर्ख राजापेक्षा गरीब व शहाणा तरुण बरा असे म्हटले आहे. तेथे त्या राजाचा दोष म्हणून एकच गोष्ट नोंदविली आहे : त्याला आता सूचना ऐकून घेता येत नाही (४:१३). ‘आता’ या शब्दात, त्याला पूर्वी ते येत होते, हेही सूचित होते.

शलमोनाचा पुत्र रहबाम याची कथा वृद्ध विरुद्ध तरुण या वादात नेहमी सांगितली जाते. लोकांनी जू हलके करण्याची विनंती केली. वडील जनांनी आज तू या लोकांचा सेवक झालास तर ते कायम तुझे सेवक होतील, असा सल्ला दिला. राजाने तो टाकून आपल्याबरोबर वाढलेल्या सोबत्यांचा सल्ला घेतला, उत्तर कठोर दिले आणि राज्य दुभंगले (१ राजे १२). यावरून वृद्धांचे न ऐकल्यास सर्वनाश होतो, असे तात्पर्य काढले जाते.

मात्र पाठ बारकाईने वाचल्यास दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे राज्यावर आला तेव्हा रहबाम एकेचाळीस वर्षांचा होता (१४:२१). त्याच्याबरोबर वाढलेले सोबतीही त्याच वयाचे असणार. तरीही कथनकार त्यांना ‘यलादीम’ म्हणजे पोरे म्हणतो. चाळिशीतील माणसांना पोरे म्हणणे ही वयाची नोंद नसून त्यांच्या बुद्धीवरील शेरा आहे. दुसरे असे की ते वडील जन शलमोनाच्या दरबारातील होते, आणि जे जू जड झाले ते त्याच दरबाराच्या काळात लादले गेले होते. तेव्हा ते काही बोलले होते काय, याविषयी कथा मौन बाळगते. त्यांचा सल्ला योग्य ठरला तो त्यांचे वय अधिक होते म्हणून नव्हे. लोकांची तक्रार त्यांनी तक्रार म्हणून ऐकली. सोबत्यांनी तीच तक्रार अवज्ञा म्हणून ऐकली. फरक ऐकण्यातला आहे.

एली, शमुवेल आणि बर्जिल्लय :

म्हातारपणातील मर्यादा आणि शहाणपण एकाच माणसात कसे नांदतात, हे एली याजकाच्या कथेत दिसते. तो फार म्हातारा झाला आहे, त्याची दृष्टी मंद झाली आहे, मुलांचे गैरवर्तन कानावर येऊनही त्याला ते थांबविता येत नाही (१ शमुवेल २:२२-२५, ३:२). तरीही बालक शमुवेलाला रात्री हाक येते तेव्हा ती कोणाची हे प्रथम उमगते ते याच म्हाताऱ्याला. हाकेला कसे उत्तर द्यावे हे तोच मुलाला शिकवितो (३:८-९), आणि सकाळी स्वतःविरुद्धचा निवाडा त्या मुलाच्या तोंडून मुकाट्याने ऐकून घेतो (३:१८). एलीजवळ अधिकार होता तेव्हा तो दुबळा ठरला. मुलाला ऐकावयास शिकविले आणि नंतर त्याचे ऐकले, या दोन क्षणी मात्र तो शहाणा ठरला. पुढे शमुवेलही म्हातारा होतो, त्याचे पुत्रही लाच खातात (८:१-३), आणि त्याच्या पिढीला एलीच्या घराचा इतिहास ठाऊक असूनही त्याची पुनरावृत्ती होते. अनुभव वारशाने मिळत नाही, हे या दोन घरांच्या कथांतून दिसते.

याउलट ऐंशी वर्षांचा बर्जिल्लय विशेष उल्लेखास पात्र आहे. दावीद त्याला राजवाड्यात येऊन राहण्याचे निमंत्रण देतो. आपल्याला आता बरे-वाईट ओळखता येते काय, अन्नाची चव किंवा गाण्याचा सूर कळतो काय, असे विचारून तो नम्रपणे नकार देतो आणि आपल्याऐवजी किम्हामाला नेण्यास सुचवितो (२ शमुवेल १९:३१-३८). बरे-वाईट ओळखणे यासाठी त्याने वापरलेले शब्द आणि तरुण शलमोनाच्या प्रार्थनेतील शब्द जवळजवळ तेच आहेत. एकाने ते मागितले, तर दुसऱ्याने ते आपल्याकडून गेल्याचे मान्य केले. आपली मर्यादा ओळखून जागा मोकळी करून देणाऱ्या या वृद्धाला मूर्ख कोण म्हणेल? ईयोबाच्या कबुलीशी त्याचे नाते स्पष्ट आहे.

सुसान्ना – प्रतिष्ठित वयाचा गैरवापर :

दानीएलाच्या ग्रंथाच्या ग्रीक पाठात येणारी व कॅथलिक बायबलमध्ये तेरावा अध्याय म्हणून समाविष्ट असलेली सुसान्नेची कथा या विषयाची सर्वांत गंभीर बाजू दाखविते. बाबेलमधील यहुदी समाजातील दोन वडील त्या वर्षी न्यायाधीश नेमलेले आहेत. सुसान्ना त्यांच्या वासनेला नकार देते, तेव्हा ते तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आरोप ठेवतात. सभा त्यांच्यावर विश्वास ठेवते, आणि कथनकार त्याचे कारणही देतो : ते लोकांचे वडील व न्यायाधीश होते (१३:४१). पुरावा तपासला गेला नाही, उलटतपासणी झाली नाही. वय आणि पद हाच पुरावा ठरला आणि मृत्युदंड सुनावला गेला.

दानीएल हा तरुण पुढे येऊन सभेला थांबवितो. त्याने केलेली गोष्ट चमत्कार नाही. दोघांना वेगळे करून तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो : हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघे दोन वेगळ्या झाडांची नावे सांगतात. खटला तेथेच कोसळतो. तत्पूर्वी सभेतील इतर वडील जन दानीएलाला आपल्यामध्ये येऊन बसण्यास सांगतात, कारण देवाने त्याला वडीलपण दिले आहे असे त्यांना वाटते (१३:५०). म्हणजे वडीलपण ही वयाने आपोआप मिळणारी वस्तू नसून दिली जाणारी गोष्ट आहे, हे येथे वडील जनांनीच मान्य केले. कथेतील सर्वच वृद्ध दुष्ट नाहीत, ही बाबही यावरून स्पष्ट होते. ज्यांनी जागा दिली तेही वृद्धच होते. ‘शलमोनाचे ज्ञान’ या ग्रंथात हाच विचार सूत्ररूपाने येतो. आदरणीय वार्धक्य वर्षांच्या संख्येने मोजले जात नाही, समज हेच माणसाचे पिकलेले केस होत, असा त्याचा आशय आहे (४:८-९).

नवा करार :

नव्या करारात या विचाराला नवी दिशा मिळत नाही, परंतु तो व्यवहारात उतरतो. लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात शिमोन आणि वृद्ध हन्ना हे मंदिरात वाट पाहणारे दोघे बाळ येशूला ओळखतात. त्याच अध्यायात बारा वर्षांचा येशू त्याच मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकतो व त्यांना प्रश्न विचारतो (२:४६). लूकने पिढ्यांना एकमेकींविरुद्ध उभे केलेले नाही. ज्या वृद्धांनी ओळखले ते दीर्घकाळ लक्ष लावून होते, आणि ज्या मुलाच्या समजेने लोक थक्क झाले तो आधी ऐकत होता.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन सूचना लागोपाठच्या अध्यायांत येतात. तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये (४:१२), आणि वृद्धाला कठोरपणे न दटावता पित्याप्रमाणे समजवावे (५:१). त्याच पाचव्या अध्यायात वडिलांवरील आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून ऐकू नये आणि पाप करणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष द्यावा, असेही सांगितले आहे (५:१९-२०). आदर, संरक्षण आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत. वडिलांना मान आहे, पण चौकशीतून सूट नाही. सुसान्नेच्या कथेतील सभेने नेमके हेच केले नव्हते.

संभाव्य आक्षेप :

या मांडणीवर असा आक्षेप घेता येईल की शहाणपणाचा बायबलमधील निकष ऐकणे हा नसून परमेश्वराचे भय हा आहे, आणि ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाने ते आरंभीच सांगितले आहे (१:७). आक्षेपात तथ्य आहे. परंतु याच ग्रंथाच्या आरंभी शहाण्यानेही ऐकावे व आपल्या विद्येत भर घालावी, असे म्हटले आहे (१:५). स्वतःच्या दृष्टीने शहाणा असलेल्यापेक्षा मूर्खाविषयी अधिक आशा बाळगता येते, असेही हा ग्रंथ सांगतो (२६:१२). देवाचे भय म्हणजे आपण अंतिम प्रमाण नाही ही जाणीव, आणि ज्याला ही जाणीव आहे तोच दुसऱ्याचे ऐकू शकतो. त्यामुळे हे दोन निकष परस्परविरोधी नसून एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत.

आधुनिक मानसशास्त्राने या प्रश्नाचा स्वतंत्रपणे विचार केला आहे. बर्लिन येथील मॅक्स प्लांक मानवविकास संशोधन संस्थेत पॉल बाल्टेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनात प्रौढ वयात नुसत्या वाढत्या वयाबरोबर शहाणपण वाढत असल्याचे आढळले नाही. अनुभव, स्वभाव व नव्याविषयीचा मोकळेपणा यांसारखे घटक अधिक महत्त्वाचे ठरले. दोन्ही ठिकाणच्या संकल्पना सारख्या नाहीत, त्यामुळे एकाने दुसऱ्याला सिद्ध करण्याचा प्रश्न येत नाही. तरीही हे साम्य नोंद घेण्याजोगे आहे.

निष्कर्ष :

१. बायबलमध्ये वृद्धांचा मान विनाअट आहे. तो शहाणपणाचे बक्षीस म्हणून दिलेला नाही.
२. वृद्धांचे मत मात्र विनाअट प्रमाण नाही. ईयोबाचे मित्र व सुसान्नेवर आरोप करणारे वडील यांच्या कथांतून ही बाब स्पष्ट होते.
३. तारुण्य हेही प्रमाण नाही. अलीहू व रहबामाचे सोबती ही त्याची उदाहरणे होत.
४. शहाणपणाचा कथांतून पुढे येणारा निकष म्हणजे ऐकण्याची व आपली मर्यादा ओळखण्याची क्षमता. शलमोनाची प्रार्थना, ईयोबाची कबुली, बर्जिल्लयाचा नकार आणि एलीने शमुवेलाकडून ऐकून घेतलेला निवाडा यांतून तो दिसतो.
५. ही क्षमता वयाबरोबर वाढू शकते. परंतु शलमोनाप्रमाणे वयाबरोबर ती हरवूही शकते.

समारोप :

वय आणि शहाणपण यांची सांगड घालताना मान व प्रमाण यांची गल्लत होते, आणि ही गल्लत धार्मिक जीवनापुरती मर्यादित नाही. जेथे जेथे ज्येष्ठतेनुसार खुर्च्या मांडल्या जातात तेथे ती संभवते. शैक्षणिक संस्थाही त्याला अपवाद नाहीत. ज्येष्ठतेची यादी सभेत कोणी कोठे बसावे हे ठरवू शकते. एखादे विधान खरे की खोटे, किंवा समोरच्या विद्यार्थ्याची तक्रार रास्त की नाही, हे ती ठरवू शकत नाही. त्यासाठी दानीएलाप्रमाणे प्रश्न विचारावा लागतो, आणि सुसान्नेच्या सभेतील इतर वडील जनांप्रमाणे प्रश्न विचारणाऱ्याला बसावयास जागा द्यावी लागते. वृद्धासमोर उठून उभे राहणे आणि त्याच्या म्हणण्याची चिकित्सा करणे या दोन्ही गोष्टी बायबलने एकाच वेळी शक्य मानल्या आहेत. त्यांतील एक टाकून दुसरी स्वीकारणे सोपे असते, दोन्ही एकत्र पाळणे अवघड असते. हे अवघड काम जमणे, यालाच बायबलच्या परिभाषेत शहाणपण म्हणता येईल.